दीर्घकालीन वेदना: रुग्ण, चिकित्सक आणि संशोधक यांचा संयुक्त गट कसा उभारावा

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात, मग तिचे मूळ सांध्यात असो, मज्जातंतूत असो, जुन्या शस्त्रक्रियेत असो किंवा कोणत्याही तपासणीत न सापडणारे असो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आणि तिच्यात या वेदनेची सात प्रकारांत विभागलेली सविस्तर वर्गवारी प्रथमच करण्यात आली. कारण सापडले नाही तरी वेदना हाच आजार असू शकतो, हे त्या वर्गवारीतील ‘प्राथमिक दीर्घकालीन वेदना’ या प्रकाराने मान्य केले.

या आजाराची एक अडचण अशी की तो मोजणारे यंत्र नाही. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या छायाचित्रांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतील चकत्यांची झीज दिसून आली. म्हणजे एमआरआयवर झीज दिसते म्हणून दुखते असे ठामपणे म्हणता येत नाही आणि एमआरआय स्वच्छ आहे म्हणून दुखत नाही असेही म्हणता येत नाही. कुठे, कसे, केव्हा आणि किती दुखते ही मुख्य माहिती रुग्णाच्या सांगण्यातच असते. तरीही वेदनेवरील संशोधनाचे विषय, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे आणि बाह्यरुग्ण विभागाची व्यवस्था ठरवताना रुग्णाला बहुधा शेवटी विचारले जाते, किंवा विचारलेच जात नाही. रुग्णालयाचा वेदना विभाग, संशोधन संस्था किंवा रुग्णांची संघटना यांपैकी कोणालाही हे बदलायचे असेल आणि तिन्ही बाजूंचा एक गट उभा करायचा असेल, तर तो कसा करावा याविषयी हे लेखन आहे.

प्रकल्पाच्या आधी प्रश्न

नेहमी होणारी चूक अशी असते की संशोधनाचा आराखडा तयार झालेला असतो, अनुदानाचा अर्ज दोन दिवसांत पाठवायचा असतो आणि अर्जात ‘रुग्णसहभाग’ असा रकाना आहे हे कोणाच्या तरी लक्षात येते. मग ओळखीच्या एका रुग्णाला फोन जातो. तो भिडेखातर होकार देतो, अर्ज मंजूर होतो आणि पुढे त्याला कोणी काही विचारत नाही. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. तिच्या तळाशी लोकांची केवळ समजूत काढणे आहे, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे व सल्ला विचारणे आहे, आणि वरच्या पायऱ्यांवर निर्णयाचा अधिकार खरोखर वाटून घेणे आहे. गट बनवण्यापूर्वी आयोजकांनी स्वतःला एकच गोष्ट विचारावी: रुग्णांनी वेगळे मत दिले, तर आपला कोणता निर्णय बदलू शकेल? असा एकही निर्णय सांगता येत नसेल, तर रुग्णांना बोलावू नये. त्यांची आधीच कमी असलेली शक्ती तरी वाचेल.

प्रश्न एकत्र ठरवण्याची सर्वांत सुघटित पद्धत ब्रिटनमधील जेम्स लिंड अलायन्स या संस्थेने घडवली आहे. ती संस्था २००४ मध्ये स्थापन झाली. पद्धतीचा गाभा लहान गटालाही वापरता येतो. प्रथम रुग्ण, त्यांचे कुटुंबीय आणि उपचार करणारे या सर्वांना एक खुला प्रश्न विचारायचा: ‘या वेदनेबाबत अशी कोणती गोष्ट आहे, जिचे समाधानकारक उत्तर तुम्हाला आजवर कोणीच दिले नाही?’ उत्तरे ज्या शब्दांत येतील त्याच शब्दांत टिपून घ्यायची. ‘पाऊस यायच्या आधी माझे गुडघे जास्त का दुखतात’ याचे ‘हवामान व वेदनेचा सहसंबंध’ असे भाषांतर पहिल्याच दिवशी करून टाकले, तर रुग्णाला स्वतःचा प्रश्न यादीत ओळखू येत नाही आणि त्याचा विश्वास तिथेच उडतो. त्यानंतर सारखे प्रश्न एकत्र करायचे आणि त्यांपैकी कोणत्या प्रश्नांची उत्तरे आधीच्या विश्वासार्ह आढाव्यांत मिळालेली आहेत ते तपासायचे. हे काम मात्र संशोधकांचेच आहे. उरलेल्या प्रश्नांतून मतांच्या आधारे वीस-पंचवीस प्रश्न निवडायचे आणि शेवटी वीस ते तीस जणांनी समोरासमोर बसून त्यांतले पहिले दहा ठरवायचे.

या पद्धतीतील एक नियम सुरुवातीला संशोधकांना खटकतो. प्राधान्यक्रम ठरवताना मत असते ते रुग्णांना, काळजीवाहकांना आणि उपचार करणाऱ्यांना. जे केवळ संशोधक आहेत त्यांना मत नसते, आणि औषध कंपन्यांसारख्या व्यावसायिक हितसंबंधीयांनाही नसते. नियम कडक वाटतो, पण माझ्या मते तो निदान एकदा पाळून पाहावा. ज्याला ज्या यंत्रावर काम करण्याची सवय असते, त्याला त्याच यंत्राने सुटणारा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि यात कोणाचा अप्रामाणिकपणा नसतो.

आधीच उत्तर मिळालेले प्रश्न टाकून देऊ नयेत. ‘दुखत असताना चाललो तर आतून आणखी इजा होईल का?’ हा प्रश्न शंभरातल्या चाळीस जणांनी विचारला असेल, तर संशोधनाची उणीव आहे असे समजू नये. उत्तर रुग्णापर्यंत पोहोचलेले नाही असे समजावे. असे प्रश्न वेगळ्या यादीत लिहून ती यादी गटातील चिकित्सकांच्या हाती द्यावी.

प्रश्न ठरवण्याच्या टप्प्यावर कोण उपस्थित होते याने विज्ञानही बदलते. ‘पेन’ या वेदनाविषयक नियतकालिकात १९९६ ते २००५ या दहा वर्षांत आलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांची पाहणी केली असता, ७९ टक्के प्रयोगांत फक्त नर प्राणी वापरलेले आढळले. दीर्घकालीन वेदना पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळते हे त्या काळीही ठाऊक होते. मासिक पाळीच्या दिवसांत दुखणे वाढते असे सांगणारी एखादी स्त्री त्या आराखड्यांच्या चर्चेला बसली असती, तर हा प्रश्न बराच आधी विचारला गेला असता असे मानायला जागा आहे.

कोणाला बोलवावे

एकट्या रुग्णाला कधीही बोलवू नये. दहा तज्ज्ञांच्या समोर एकटा बसलेला माणूस एकतर गप्प राहतो किंवा जगातल्या सर्व रुग्णांच्या वतीने बोलण्याचे ओझे उचलतो. कमीत कमी तीन रुग्ण असावेत आणि त्यांची संख्या चिकित्सकांपेक्षा कमी नसावी. त्यांची वेदनाही वेगवेगळी असावी: मधुमेहामुळे पायांच्या मज्जातंतूंची आग होणारा माणूस, डोकेदुखीने ग्रासलेला माणूस आणि कारणच न सापडलेली वेदना सोसणारा माणूस यांचे दिवस सारखे जात नाहीत. ज्यांना उपचार लागू पडले तेच आनंदाने पुढे येतात, कारण त्यांच्या मनात कृतज्ञता असते आणि अंगात थोडी ताकद उरलेली असते. ज्यांनी उपचार सोडून दिले, ज्यांच्या नोंदीत ‘पुढील भेटीस आले नाहीत’ असे लिहिले आहे, त्यांच्याकडे सांगण्यासारखे सर्वांत जास्त असते. त्यांना आग्रहाने, फोन करून, गरज पडल्यास त्यांच्या घरी जाऊन विचारावे. ते बैठकीला आले नाहीत तरी त्यांचे म्हणणे यायला हवे.

चिकित्सकांमध्ये वेदनातज्ज्ञ असतीलच, पण फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ आणि औषधनिर्माता हेही हवेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नेहमीचे फॅमिली डॉक्टर हवेत, कारण वेदनेचे बहुसंख्य रुग्ण त्यांच्याकडेच जातात आणि तज्ज्ञापर्यंत पोहोचतच नाहीत. संशोधकांमध्ये एक संख्याशास्त्रज्ञ असावा आणि एक मुलाखतींच्या, गुणात्मक पद्धतीने काम करणारा असावा.

वेदनेच्या क्षेत्रात लोकांना एकत्र आणण्याचा इतिहास जुना आहे. जॉन बोनिका हे भूलतज्ज्ञ तरुणपणी कुस्तीगीर होते आणि त्या खेळातील दुखापतींनी त्यांना पुढे आयुष्यभर वेदना दिल्या. एका शाखेच्या डॉक्टरला ही वेदना कळणार नाही अशी त्यांची खात्री झाली होती. मे १९७३ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील इसाक्वा येथे तीनशेहून अधिक संशोधक आणि चिकित्सक एकत्र आणले आणि त्यातूनच आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटना उभी राहिली. ती मुख्यतः या दोन बाजूंची संघटना होती. तिसरी बाजू चर्चेत नियमितपणे यायला पुढे कित्येक दशके गेली.

एक पथ्य काटेकोरपणे पाळावे. डॉक्टर आणि त्याच डॉक्टरकडे सध्या उपचार घेणारा रुग्ण एका गटात शक्यतो ठेवू नयेत. ज्याच्या सहीवर महिन्याची औषधे अवलंबून आहेत, त्याच्या समोर ‘तुम्ही माझे ऐकून घेतले नाही’ असे म्हणणे सोपे नसते. दुसरा इलाजच नसेल तर गटात येण्या-न येण्याचा, मध्येच सोडण्याचा किंवा मतभेद व्यक्त करण्याचा उपचारांवर परिणाम होणार नाही, हे लेखी द्यावे आणि बोलूनही दाखवावे.

बैठक वेदनेला मानवेल अशी हवी

बैठकीची व्यवस्था ही किरकोळ, कारकुनी बाब आहे असे बऱ्याच जणांना वाटते. दीर्घकालीन वेदनेच्या बाबतीत ते खरे नाही, कारण कोण बोलू शकेल हे त्या व्यवस्थेवरच ठरते. सांध्यांच्या दाहाचे रुग्ण सकाळी उठल्यावर तास-दीड तास आखडलेले असतात, म्हणून सकाळी नऊची वेळ त्यांच्यासाठी बंद दारासारखी आहे. तासापेक्षा जास्त वेळ सलग बसणे अनेकांना जमत नाही. म्हणून बैठक दीड तासाच्या वर जाऊ नये आणि मध्ये खरीखुरी विश्रांती असावी. बोलत असताना उभे राहण्याची, फेऱ्या मारण्याची, जमिनीवर किंवा बाकावर आडवे होण्याची मुभा अध्यक्षांनी सुरुवातीलाच जाहीर करावी. आणि जाहीर करून स्वतः थोडा वेळ उभे राहावे, म्हणजे इतरांना संकोच वाटणार नाही. हाताचे टेकू असलेल्या खुर्च्या, जवळचे स्वच्छतागृह, लिफ्ट, मंद प्रकाश या गोष्टी आधी जाऊन पाहाव्यात. घरून ऑनलाइन सहभागी होण्याची सोय प्रत्येक बैठकीत असावी आणि घरून बोलणाऱ्याला प्रत्येक मुद्द्यावर आवर्जून विचारावे.

वेदना अचानक उसळते. बैठकीच्या दिवशी सकाळी ‘आज जमणार नाही’ असा निरोप येणे हे या कामात गृहीतच धरावे. कारण विचारू नये, पुरावा मागू नये. वर्षानुवर्षे आपली वेदना खरी आहे हे सिद्ध करत आलेल्या माणसाला आणखी एका ठिकाणी सिद्धता मागणे क्रूरपणाचे होते. प्रत्येक जागेसाठी दोन रुग्ण नेमले आणि त्यांनी आलटून पालटून यावे असे ठरवले, तर काम अडत नाही. जो आला नाही त्याला ध्वनिमुद्रण आणि आठवडाभराची मुदत द्यावी व त्याचे मत मिळेपर्यंत निर्णय पक्का करू नये.

मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिली जाणारी गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे गुंगी आणतात, आणि वेदनेने झोप मोडलेली असते ती वेगळीच. शब्द न आठवणे, वाक्य मध्येच तुटणे हे अशा वेळी साहजिक आहे. कागदपत्रे सात दिवस आधी, दोन पानांत, ठळक अक्षरांत पाठवावीत. चर्चेत रुग्णांना आधी बोलू द्यावे, कारण तज्ज्ञाचे मत एकदा मांडले गेले की वेगळे मत मांडायला धीर लागतो. नावाच्या पाट्यांवर पदव्या लिहू नयेत.

पैशांविषयी थोडक्यात, पण स्पष्ट: प्रवासखर्च आगाऊ द्यावा, पावत्यांवर तीन महिन्यांनी नव्हे. वेळेचे मानधन द्यावे, कारण टेबलाभोवतीच्या इतर सर्वांना त्या वेळेचा पगार मिळत असतो. एखाद्याला अपंगत्वाचा भत्ता मिळत असेल, तर मानधनामुळे तो बंद पडणार नाही ना, हे आधी पाहावे. ज्याला मानधन नको असेल त्याला तसे म्हणण्याची मोकळीक असावी.

कोणत्या शब्दांत बोलावे

रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेच्या वर्णनाची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती मॅकगिल प्रश्नावली म्हणून ओळखली जाते आणि तिच्यात वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. वेदनेच्या शब्दातूनच तिच्या स्वरूपाचा अंदाज येतो, हे त्यामागचे निरीक्षण आहे. मराठीत हा शब्दसाठा मुळातच मोठा आहे: ठणका, कळ, सल, चमक, ओढ, मुंग्या, बधिरपणा, टोचणी, आग, भरून येणे, अवघडणे. ठणका म्हणणारा आणि मुंग्या म्हणणारा एकाच आजाराविषयी बोलत असेलच असे नाही, आणि अनुभवी डॉक्टर हा फरक ऐकतोही. पण इंग्रजीतील प्रश्नावली कार्यालयात बसून भाषांतरित केली की हे सारे हरवते. मज्जातंतूंच्या दाहक वेदनेसाठी कोशात पाहून ‘जळजळ’ असा शब्द घातला, तर बरेच मराठी वाचक पोटातल्या आम्लपित्ताचा विचार करतील. पायांबद्दल विचारायचे असेल तर ‘आग होते का?’ असेच विचारावे लागते. संयुक्त गटाने करण्यासारखे पहिले छोटे काम म्हणून मी हेच सुचवेन. वापरात असलेली एक प्रश्नावली घ्यावी, पाच-सहा रुग्णांनी ती मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक प्रश्न वाचताना मनात काय आले ते सांगावे. दोन तासांत संशोधकाला आपल्या आकड्यांविषयी बरेच काही कळते आणि रुग्णाला आपले म्हणणे मोलाचे आहे याचा प्रत्यय येतो.

दुखावणारे शब्दही गटाने मिळून शोधावेत. ‘झिजले आहे’, ‘हाडाला हाड घासते आहे’, ‘तुमचे वय झाले’ ही वाक्ये डॉक्टर सहज बोलतो आणि रुग्ण पुढची दहा वर्षे हालचाल करायला घाबरतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे काही नाही’ हे वाक्य तर दिलासा म्हणून उच्चारले जाते आणि अविश्वास म्हणून ऐकले जाते. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली: एखादी व्यक्ती आपल्याला वेदना होत आहे असे सांगते, तेव्हा त्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे. ही ओळ गटाच्या नियमावलीत पहिली लिहावी. मात्र दुसऱ्या बाजूचीही एक गोष्ट आहे. ताण, भीती, झोप आणि मनःस्थिती यांचा वेदनेवर परिणाम होतो, हे शास्त्रीयदृष्ट्या भक्कम आहे. मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्तापासून मेंदूकडून खाली येणारे संदेश वेदना कमी-जास्त करतात हे विज्ञानाने गांभीर्याने घेतले आहे. हे सांगताना ‘सगळे मनाचे आहे’ असा अर्थ निघू नये, यासाठी वाक्य कसे रचावे, हे रुग्णच सर्वांत चांगले सांगू शकतात. त्यांच्याकडूनच ते लिहून घ्यावे.

काय मोजावे हे एकत्र ठरवावे

उपचार यशस्वी झाला म्हणजे नेमके काय झाले? संशोधक बहुधा शून्य ते दहा या मापावरील आकडा पाहतो आणि तो सुमारे ३० टक्क्यांनी घटला तर सुधारणा लक्षणीय मानतो. वेदनेच्या औषधचाचण्यांत काय मोजावे हे ठरवणाऱ्या इम्पॅक्ट या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये सहा मुख्य बाबी सुचवल्या: वेदना, शारीरिक क्षमता, मनःस्थिती, रुग्णाच्या मते एकूण सुधारणा व समाधान, दुष्परिणाम आणि चाचणी कोणी का सोडली याची नोंद. पुढे त्याच गटाने वेदनाग्रस्तांना विचारले, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत झोप, थकवा आणि जगण्यातला आनंद यांसारख्या गोष्टीही रुग्णांना फार महत्त्वाच्या वाटतात असे दिसले.

संधिवाताच्या क्षेत्रात असेच, पण अधिक ठळकपणे घडले. चाचण्यांत काय मोजावे याचा विचार करणारा ओमेरॅक्ट हा आंतरराष्ट्रीय उपक्रम १९९२ मध्ये सुरू झाला आणि पहिली दहा वर्षे तो तज्ज्ञांपुरताच राहिला. २००२ च्या परिषदेत रुग्ण प्रथमच सहभागी झाले. आमवातात थकवा हा आम्हाला वेदनेइतकाच छळतो आणि तुम्ही तो मोजतच नाही, असे त्यांनी सांगितले. पुढील काही वर्षांत थकवा मोजण्याची शिफारस मान्य झाली. दहा वर्षे तज्ज्ञांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट रुग्ण चर्चेला बसल्यावर पहिल्याच परिषदेत समोर आली.

गटाने आपल्यापुरते मोजमाप ठरवताना रुग्णांना सरळ विचारावे की, ‘उपचार लागू पडतो आहे हे तुम्हाला सर्वांत आधी कशावरून कळेल?’ उत्तरे बरीच ठोस येतात: जिना न थांबता चढलो, नातवाला उचलले, रात्री एकदाच जाग आली, कोणावर खेकसलो नाही. यांतून दोन-तीन गोष्टी निवडाव्यात आणि त्यांच्या जोडीला एखादे तपासलेले, लहान माप वापरावे. पेग नावाचे तीन प्रश्नांचे माप त्यासाठी सोयीचे आहे: गेल्या आठवड्यातील सरासरी वेदना, तिने जगण्याच्या आनंदात आणलेला अडथळा आणि रोजच्या कामात आणलेला अडथळा. फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातही ते एका मिनिटात भरून होते. संशोधकांना प्रश्नावल्या वाढवण्याचा मोह फार असतो. साठ प्रश्न भरायला बोटे दुखणाऱ्या माणसाला किती वेळ लागतो, ते एकदा त्याच्या शेजारी बसून पाहावे.

मतभेद होणारच

तिन्ही बाजू एकत्र आल्या की सहमती होईल अशी अपेक्षा ठेवणारा आयोजक निराश होतो. कोणत्या बाबतीत कोणाचा शब्द अधिक वजनाचा, हे आधी ठरवले तर वाद विधायक राहतो. पुरावा किती भक्कम आहे हे संशोधकाने सांगावे, धोका किती आहे हे चिकित्सकाने सांगावे, आणि त्या धोक्याच्या व त्रासाच्या मोबदल्यात मिळणारा फायदा घेण्याजोगा आहे की नाही हे रुग्णाने सांगावे. ‘मला हे लागू पडले’ हा रुग्णाचा अनुभव खरा असतो, पण इतरांनाही ते लागू पडेल याचा तो पुरावा नसतो. हे संशोधकाने स्पष्टपणे आणि तुच्छतेचा सूर न लावता बोलून दाखवले पाहिजे. भिडेने गप्प बसणे हाही रुग्णाचा अनादरच आहे.

मॉर्फिनसारख्या अफूजन्य औषधांचे उदाहरण गटाच्या सुरुवातीच्या बैठकीत अभ्यासायला घ्यावे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०१६ मध्ये या औषधांविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली. अतिसेवनाने होणारे मृत्यू ही त्यामागची खरी व गंभीर चिंता होती. तत्त्वांत दिलेल्या मात्रेच्या मर्यादा मात्र अनेक ठिकाणी लवचीकता न ठेवता, सक्तीच्या नियमासारख्या वापरल्या गेल्या आणि वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांची मात्रा एकाएकी कमी किंवा बंद करण्यात आली. एप्रिल २०१९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की असे अचानक बंद केल्याने तीव्र त्रास, अनावर वेदना आणि आत्महत्येचे विचार यांसारखे गंभीर परिणाम होत आहेत. २०२२ मध्ये तत्त्वे सुधारण्यात आली. ती करताना रुग्ण, काळजीवाहक आणि चिकित्सक यांच्याशी थेट संवाद झाला आणि तत्त्वे ताठर नियम म्हणून वापरू नयेत असे ठळकपणे नमूद झाले. कोणताही मसुदा अंतिम करण्यापूर्वी गटातील रुग्णांना आणि फॅमिली डॉक्टरला एक प्रश्न विचारावा: घाईत असलेला डॉक्टर किंवा विमा कंपनीचा कर्मचारी ही ओळ वाचून काय करेल? याचे उत्तर तत्त्वे लिहिणाऱ्याला सहसा सुचत नाही.

उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये प्राथमिक दीर्घकालीन वेदनेसाठी पॅरासिटामॉल, दाहशामक गोळ्या किंवा अफूजन्य औषधे नव्याने सुरू करू नयेत असे सांगितले आणि व्यायाम, मानसोपचार, काही नैराश्यविरोधी औषधे यांवर भर दिला. पुराव्याच्या दृष्टीने त्यामागे विचार आहे. पण ‘आता मला गोळीही मिळणार नाही’ एवढेच रुग्णाच्या कानी पडू शकते. असा निर्णय कळवण्याचे पत्रक रुग्णांसोबत लिहावे आणि गोळीच्या जागी काय मिळणार, किती दिवसांत मिळणार, हे त्यात आधी लिहावे. पर्यायी सेवेची प्रतीक्षायादी आठ महिन्यांची असेल, तर तेही लपवू नये.

मतभेद मिटले नाहीत तर ते इतिवृत्तात मतभेद म्हणूनच लिहावेत. ‘साधक-बाधक चर्चा झाली’ असे लिहिणे म्हणजे वेगळे बोललेल्या माणसाचा आवाज पुसून टाकणे आहे.

ठरले ते उपचारात उतरवताना

व्यवस्था बदलण्यासाठी ‘अनुभवाधारित सहरचना’ ही पद्धत उपयोगी पडते. काही रुग्णांच्या मुलाखती चित्रित करतात आणि त्यांतून, जिथे रुग्ण मनाने सावरतो किंवा खचतो असे क्षण निवडून अर्ध्या तासाची एक फीत बनवतात. कर्मचाऱ्यांच्याही मुलाखती घेतात, कारण रुग्णाला उद्धट वाटलेली परिचारिका त्या दिवशी साठ जणांना सांभाळत होती, हेही समजायला हवे. मग दोघे ती फीत एकत्र पाहतात आणि दुरुस्त करायच्या तीन-चार गोष्टी निवडतात. दीर्घकालीन वेदनेत अशा गोष्टी बऱ्याचदा साध्या निघतात: प्रत्येक भेटीत नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सगळी हकिगत सांगावी लागणे, वेदना उसळल्यावर कोणाला फोन करावा हे ठाऊक नसणे, व्यायामाचा कागद हातात देणे पण किती दुखले तर थांबायचे हे न सांगणे. उसळीच्या दिवसांसाठी रुग्णाने व फिजिओथेरपिस्टने मिळून लिहिलेली एका पानाची योजना हा अशा गटाचा चांगला पहिला बदल ठरू शकतो. तो आधी एकाच दिवसाच्या बाह्यरुग्ण विभागात करून पाहावा, महिन्याने दुरुस्त करावा आणि मगच वाढवावा.

तज्ज्ञांचे ज्ञान दूरच्या फॅमिली डॉक्टरपर्यंत नेण्यासाठी संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठात सुरू केलेल्या इको पद्धतीचा आधार घेता येतो. तिथे ठरावीक दिवशी अनेक डॉक्टर व्हिडिओवर एकत्र येतात, एकेक रुग्णाची हकिगत नाव न सांगता मांडतात आणि तज्ज्ञमंडळ व इतर डॉक्टर मिळून विचार करतात. ती यकृताच्या आजारासाठी सुरू झाली आणि पुढे दीर्घकालीन वेदनेसाठीही वापरली गेली. तज्ज्ञमंडळात संयुक्त गटातील एक रुग्ण बसवावा. तो निदान करणार नाही, पण ‘हे त्याला परवडेल का, घरी कोण मदत करेल’ असे विचारायला तो विसरणार नाही.

नोंदी, श्रेय आणि गट थांबवणे

गटात बसणारा रुग्ण हा संशोधनाचा सहकारी असतो. ज्याच्यावर संशोधन होते तो सहभागी वेगळा. एकच व्यक्ती दोन्ही भूमिकांत असेल, तर तिची संमती दोन्हींसाठी स्वतंत्र घ्यावी आणि नीतिमत्ता समितीला हे आधी कळवावे. बैठकीत कोणी स्वतःच्या आजाराविषयी सांगितलेले संशोधनाची माहिती (विदा) म्हणून वापरायचे नसते. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या ऑक्टोबर २०२४ च्या सुधारणेत संशोधनाच्या आधी, दरम्यान आणि नंतरही सहभागींशी व त्यांच्या समाजाशी अर्थपूर्ण संवाद असावा असे म्हटले आहे. समितीसमोर गटाची गरज पटवताना त्याचा आधार घेता येईल.

ज्यांनी लेखाच्या आशयात भर घातली त्या रुग्णांचे नाव, त्यांची इच्छा असल्यास, सहलेखकांत यावे. रुग्णसहभागाचे वृत्त कसे द्यावे यासाठी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली ग्रिप-२ ही तपासयादी आहे. तिच्यात सहभागामुळे काय बदलले आणि काय जमले नाही, दोन्ही लिहावे लागते. निष्कर्ष हाती आले की नियतकालिकाच्या आधी किंवा निदान त्याच दिवशी, सोप्या भाषेतील एका पानाचा मजकूर सर्व सहभागींना पाठवावा. उपचाराचा उपयोग झाला नाही असा निष्कर्ष असेल, तर तो अधिकच आठवणीने पाठवावा, कारण नकारात्मक निष्कर्ष सहसा कपाटात राहतो आणि रुग्ण वाट पाहत बसतो.

अनुदान संपले की गटही संपतो हे बऱ्याचदा घडते. ते टाळता येत नसेल तर निदान शेवटची बैठक ठरवून घ्यावी. कोणत्या सूचना अमलात आल्या, कोणत्या नाहीत आणि का, हे तिथे वाचून दाखवावे. प्रश्नांची यादी आणि इतिवृत्ते कोणाकडे राहतील, पुढे कोणी नवा गट सुरू केला तर त्याला ती कोण देईल, हे नावानिशी लिहून ठेवावे. आणि जे रुग्ण त्या दिवशी येऊ शकले नाहीत, त्यांना त्याच आठवड्यात फोन करावा.